वहीतली संध्याकाळ

तीनचा भोंगा झाला, तीनची गोळी पोटात गेली, की काकूंचा डोळा लागायचा आणि मी संध्याकाळ लिहायला घ्यायचे. संध्याकाळ अजून व्हायची असायची. गॅलरीत चांगलं ऊन असायचं, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर कावळे चोच ओली करत बसलेले असायचे, आणि मानपाड्याच्या कंपन्यांकडून येणारा तो आंबूस वास, सगळ्या डोंबिवलीच्या अंगवळणी पडलेला आणि मला वर्षभर मळमळवणारा, पडद्याआडून हळूच आत यायचा. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसायचे, वही मांडीवर घ्यायचे आणि एकेक ओळ कोरून लिहायचे. काकू ड्रँक मिल्क. काकू वॉक्ड इन द गॅलरी. काकू टुक टॅब्लेट ॲट सेव्हन. लिहिता लिहिता ते सगळं माझ्यासमोर घडून जायचं. दुधावरची साय मी चमच्याने बाजूला केलेली दिसायची, गॅलरीच्या गजांच्या सावल्या लांब झालेल्या दिसायच्या, काकूंचं थरथरतं बोट माझ्या मनगटावर टेकलेलं जाणवायचं. वही मिटली की मला खरोखर वाटायचं, दिवस पार पडला. मग घड्याळाकडे बघावं तर चार वाजायला आलेले असत. त्या एका तासाइतकं सुख मला त्या वयात दुसरं कशाचंच नव्हतं.

आम्ही परभणीकडचे. माझी शाळा नववीत सुटली; का सुटली ते इथे उगाळत नाही. गावातल्या एका बाईंच्या ओळखीने मी सतराव्या वर्षी डोंबिवलीला या घरात काकूंना सांभाळायला आले. आईने मात्र गावात सांगून ठेवलं होतं की आमची मंगल मुंबईला इंग्रजी शिकायली.  परत पाठवलं तर आई गावात तोंड कुठे दाखवेल, हा एकच विचार घेऊन मी झोपायचे आणि तोच घेऊन उठायचे. भांडं हातातून निसटलं की आता जा म्हणतील, भाजीला मीठ जास्त झालं की आता जा म्हणतील. कुणी म्हणालं नाही. उलट पहिल्याच दिवशी काकूंनी मला ताटावर आपल्या शेजारी बसवलं, आणि मी ‘जेवले व्हते की वो सकाळी’ म्हटल्यावर हसून म्हणाल्या, ‘ते सकाळचं झालं. आत्ताचं जेव.’ त्या घराचं अन्न आजही माझ्या अंगात आहे असं मला वाटतं. चिंच-गुळाची आमटी, वरून खोबरं, आणि भातावर तुपाची धार सोडताना काकांचं ते नेहमीचं ‘बास म्हण हं’.

काकूंना कंपवात होता. दिवसाला चार गोळ्या, सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात. गोळी वेळेवर गेली तर काकू हसायच्या, बोलायच्या, पत्ते खेळताना लबाडीसुद्धा करायच्या. जरा उशीर झाला की त्यांचं अंग आतून कुणी कुलूप लावावं तसं बंद व्हायचं. काका रोज सकाळी औषधाच्या बाटल्यांची चार जुनी झाकणं एका ताटलीत मांडून प्रत्येकात एक गोळी ठेवायचे आणि वर क्रोशाचा रुमाल झाकायचे. सकाळी सात आणि दुपारी तीनला कंपनीचा भोंगा व्हायचा, त्यामुळे त्या वेळा चुकायची सोयच नव्हती. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी भोंगा झाला की मनगटावरचं घड्याळ पुढे-मागे करत. संध्याकाळी सातला मात्र काहीच वाजत नसे.

इंग्रजीचं प्रकरण सुरू झालं ते डॉक्टरवहिनींमुळे. काकूंची सून मद्रासची, तिथल्याच एका दवाखान्यात डॉक्टर. मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यात, त्यामुळे सासूची सगळी काळजी तिच्याकडे. मराठी तिला चार शब्द येत होते. रोज संध्याकाळी आठला तिचा फोन यायचा आणि दिवसभरात काय झालं ते तिला नेमकं हवं असायचं. काकांना फोनवर ऐकू येत नसे. त्यांच्या कानांत प्लँटमधल्या कंप्रेसरचा आवाज कायमचा जाऊन बसला होता. म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि काका मला शिकवायला बसले.

त्यांची पद्धत शाळेसारखी नव्हती. ते आयुष्यभर कंपनीत पाळीचं लॉगबुक लिहीत आलेले. व्हॉल्व्ह उघडला, प्रेशर पाहिलं, पंप बंद केला. सगळं इंग्रजीत, सगळं झालेलं. ते म्हणाले, तुला बाकीचे काळ नकोत. होणार आहे ते डॉक्टर सांगतील, होतंय ते देव बघतोय. आपण फक्त झालेलं सांगायचं. मग रोज एक क्रियापद, तेही वस्तू हातात घेऊन. ‘ड्रिंक’च्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर ताकाचा पेला घटाघट संपवला, मिशा पुसल्या आणि मगच बोट वर करून म्हणाले, ‘ड्रँक.’ ‘स्लीप’च्या दिवशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले, ते खरंच झोपले, आणि तासाभराने दचकून उठून म्हणाले, ‘स्लेप्ट.’ काकू हसून हसून पलंगावर कलंडल्या. मला ते सगळं स्वप्नासारखं आठवतं. बाहेर उन्हाचा चकाकता पट्टा, आत घोरणारे काका, आणि मी हातात पेन घेऊन ते उठायची वाट बघतेय, कारण त्याशिवाय शब्दच पुढे सरकणार नव्हता.

पण उंबऱ्यावर बसून लिहिणं वेगळं आणि फोनवर बोलणं वेगळं. पहिल्याच आठवड्यात फोन आला तेव्हा काकूंचं जेवण चालू होतं आणि वही कोरी होती. मी कसंबसं म्हटलं, ‘वहिनी, काकू वॉज...’ आणि पुढचा शब्दच आठवेना. तिकडे मद्रासला एकदम शांतता पसरली. काकांनी माझा चेहरा बघून रिसीव्हर ओढून घेतला आणि तिकडचं काही ऐकू येत नसतानाच ओरडून सांगितलं की सगळं ठीक आहे, ती वांगं खातेय. नंतर त्या गोष्टीवर घरात खूप हसणं झालं. मी हसले नाही. ती शांतता मला झोपेत ऐकू यायची.

त्यानंतर मी दुपारी लिहायला लागले. त्यात फसवायचं असं काही मनात नव्हतं, हे देवाशपथ सांगते. रोज तेच तर होत होतं. सहाला दूध, साडेसहाला गॅलरी, सातला गोळी, साडेसातला मऊ भात. लिहायला मला वेळ लागायचा, एकेक अक्षर तपासावं लागायचं, आणि दुपारी घर निवांत असायचं. आठला फोन आला की मी खडाखडा वाचायचे. वहिनी ‘गुड’ म्हणायच्या. काका वही चाळून म्हणायचे, आमच्या प्लँटवर कुणाचं एवढं स्वच्छ लॉग नव्हतं, एक खाडाखोड नाही. एकदा ते बाहेरून एक कागद घेऊन आले. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. तो त्यांनी माझ्यासमोर कपाटात, काकूंच्या शालूखाली ठेवला आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी भरू. तुझ्या हाताला वळण आहे.’ मी आत जाऊन पोळ्यांच्या कणकेत रडले.

आता मी घोडबंदर रोडला एका उंच इमारतीत राहते, आजारी माणसं सांभाळणाऱ्या मुलींवर देखरेख करते. त्यांच्या हातात वही नसते, फोन असतो. बोटाने कामापुढे बरोबरची टिकली मारली की झालं. सकाळी आठलाच दुपारच्या टिकल्या मारलेल्या मला दिसतात तेव्हा मी ओरडत नाही. जवळ बसवते आणि चहा देते. मग हे सांगते, जे आता सांगतेय.

एके दिवशी दुपारी माझी वही लिहून झाली आणि काकूंची धाकटी बहीण खडवलीहून आली. तिला सगळे माई म्हणत. हातात ओल्या फडक्यात बांधलेले मोड आलेले वाल, परसातले, आणि तोंडात तितकीच मोड आलेली थट्टा. आल्या आल्या तिने वहीत डोकावलं, काकांकडून अर्थ विचारून घेतला आणि मला म्हणाली, ‘काय गं, सगळं झालं, घेतलं, खाल्लं, झोपली? वाचून वाटतं दहाव्याचं आमंत्रण आहे. माझी बहीण अजून आहे हो.’ काकू एवढ्या हसल्या की त्यांचा हात थरथरायचा थांबला. मग टेबलावर वाल पसरले. जागा हवी म्हणून कुणीतरी गोळ्यांची ताटली उचलून फ्रीजवर ठेवली, बहुतेक मीच. मला वाल सोलायचे माहीत नव्हते. माईने दाखवलं, चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, आणि दाणा टुणकन सालातून बाहेर. पाण्यातले ते पांढरे गुळगुळीत दाणे, बाहेर उतरत गेलेलं ऊन, दोघी बहिणींच्या माहेरच्या विहिरीच्या गोष्टी. काळू नदीच्या पाण्याला कसा वास होता, कुणाची बांगडी बुडाली होती. मी ऐकता ऐकता कुठल्या कुठे गेले होते. बिरडं शिजायला लागलं, ओलं खोबरं वाटलं, माई गाडी चुकेल म्हणून वाटीभर भात खाऊन निघाली. तिला खालपर्यंत सोडून मी वर आले तेव्हा साडेसात होऊन गेले होते.

काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मंगल, माझी गोळी झाली का गं?’

मला आठवेना. दूध दिलेलं आठवत होतं, गॅलरी आठवत होती, त्यांचं बोट माझ्या मनगटावर टेकलेलंसुद्धा आठवत होतं. पण ते आजचं की कालचं, की दुपारी उंबऱ्यावर बसून पाहिलेलं, ते मला वेगळं काढता येईना. मी वही उघडली. माझ्याच अक्षरात, वळणदार, स्वच्छ लिहिलं होतं. मी ते काकूंसमोर धरलं.

‘हे बघा की वो काकू. टुक. ॲट सेव्हन.’

काकूंनी चष्मा वर करून पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाल्या, ‘वहीत आहे म्हणजे घेतली असेन. मीच विसरले.’ आठला फोन आला आणि मी खडाखडा वाचून दाखवलं.

सकाळी मी सहाला उठले. फ्रीजवरून ताटली खाली घेतली, रुमाल उचलला. चौथ्या झाकणात गोळी होती.

मी ती मुठीत घेतली. का घेतली ते मला आजपर्यंत नीट सांगता आलेलं नाही. विचार करून घेतली नाही, हात गेला. तेवढ्यात आतून काकांची हाक आली, नेहमीची नव्हे, भ्यालेली. काकू उताण्या पडल्या होत्या, मान उशीपासून जरा वर उचललेली, तशीच. हात छातीवर दुमडून लाकडासारखे. ओठ हलवायला बघत होत्या आणि हलत नव्हते. फक्त डोळे फिरत होते. काकांनी मद्रासला फोन लावला आणि मला रिसीव्हर धरायला लावून, वहिनी काय म्हणतात ते मोठ्याने सांग म्हणाले. वहिनींनी पहिलाच प्रश्न विचारला, काल संध्याकाळची गोळी घेतली होती का. मी प्रश्न काकांना सांगितला. काकांनी वही उघडली, बोट ठेवलं, आणि माझी ओळ त्यांनीच वाचली, रिसीव्हरमध्ये, ठणठणीत आवाजात. तिकडून वहिनींचा आवाज आला, थकलेला. वेळेवर घेऊनही असं होत असेल तर आता एक पुरत नाही. आजपासून प्रत्येक वेळी दीड द्या, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते. मी तेही सांगितलं. काका ब्लेड आणायला कपाटाकडे गेले.

मूठ घामाने ओली झाली होती. गोळी विरघळायला लागलेली मला कळत होती. अजून थोडा वेळ गेला असता तर काही उरलंच नसतं. कुणाला कधीच कळलं नसतं. कपाट उघडं होतं आणि शालूखालून फॉर्मचा कोपरा दिसत होता. काकांनी पाटावर गोळी ठेवली, ब्लेड तिच्यावर टेकवलं. काकूंचे डोळे माझ्यावर होते. त्यांत तक्रार नव्हती. सकाळी चहा मागताना बघायच्या तशाच बघत होत्या.

‘काका, थांबा,’ मी म्हटलं आणि मूठ उघडली.

काकांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं. मग ताटलीतल्या रिकाम्या चौथ्या झाकणाकडे. ब्लेड खाली ठेवलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त रिसीव्हरकडे बोट केलं. ‘मला नको. तिला सांग.’

नाही केलेल्या गोष्टीचं वाक्य आम्ही कधी केलंच नव्हतं. आमच्या वहीत न झालेलं काही नव्हतं. मी जे तोंडात आलं ते बोलले. ‘वहिनी, टॅब्लेट हिअर. आय नॉट गेव्ह. फर्स्ट आय रोट.’

ती शांतता पुन्हा आली. मग वहिनींनी विचारलं, कधी लिहिलंस. मी म्हटलं, आफ्टरनून. पुढे त्यांनी मला ज्याची भीती होती तेच विचारलं. ‘एव्हरी डे?’

‘येस,’ मी म्हटलं. ‘एव्हरी डे.’

वहिनी रागावल्या की नाही मला कळलं नाही. त्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या की एकच गोळी द्या, दीड नाही, एक. आणि काकू हलल्या की मला फोन करा. काकांनी गोळीचं चूर्ण करून मधात कालवलं, मी बोटाने काकूंच्या जिभेवर लावलं, पुन्हा लावलं, घोट उतरेपर्यंत गळ्यावरून हात फिरवत राहिले. सातचा भोंगा झाला आणि विरला. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसून होतो. खाली दूधवाला, कुणाचा तरी रेडिओ, शेजारच्या कुकरची शिटी. ऊन गादीवर चढत चढत काकूंच्या हातापर्यंत आलं, आणि जणू त्या उन्हानेच, त्यांची करंगळी हलली. मग बाकीची बोटं. बऱ्याच वेळाने आवाज आला, घोगरा.

‘काल कडू लागलं नव्हतं गं,’ काकू म्हणाल्या. ‘गोळी घेतली की जीभ कडू होते. माझ्या जिभेला कळलं होतं. पण वहीत होतं ना.’

एवढंच. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

मी माझी पिशवी खुंटीवरून काढून दोन परकर आत घातले होते. दुपारी काकांनी मला हाक मारली. वाटलं, आता सांगतील. ते वही उघडून बसले होते, शेजारी पट्टी. मी रबर आणायला निघाले तर म्हणाले, खोडायचं नाही. खोटी नोंद दिसली पाहिजे. त्यांनी माझ्याकडून त्या ओळीवर पट्टीने एकच रेघ मारून घेतली, अशी की खालचं अक्षर वाचता यावं, आणि शेजारी माझी सही करायला लावली. लॉगबुकात असंच करतात म्हणे. ती माझी पहिली सही, पूर्ण नावाची. मग मागची पानं उलटत ते बराच वेळ बसले. मी म्हटलं, काका, ते सगळं तर बरोबर होतं. ‘बरोबर होतं?’ ते म्हणाले. ‘आमच्याकडेही लिहायचे आधी. मीही लिहिलंय, पाळी संपायच्या आधी पाळी. काही बिघडलं नाही म्हणून खरं ठरलं, एवढंच.’ आणि वही मिटून माझ्या हातात दिली. जा असं म्हणाले नाहीत. राहा असंही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी तीननंतर मी उंबऱ्यावर बसले नाही. काकूंच्या पायाशी बसून राहिले. पहिल्यांदाच मला ती दुपार दुपारीच दिसली. मोठी, रिकामी, कशी संपेल ते माहीत नसलेली. सहाला दूध दिलं, पेला धुतला, मग लिहिलं. सातला गोळी दिली, काकूंनी जीभ बाहेर काढून दाखवली, मग लिहिलं. सगळ्यालाच उशीर झाला. भात मऊ करून वाढला तोच आठ वाजले. फोन आला तेव्हा काकूंच्या तोंडासमोर माझ्या हातात पहिला घास होता.

काकांनी रिसीव्हर आणून माझ्या कानाला लावून धरला. वहिनींनी दूध विचारलं, मी वाचलं. गोळी विचारली, मी वाचलं. मग विचारलं, ‘डिड शी ईट?’

वहीत त्याच्यापुढे कोरं होतं. मी म्हटलं, ‘नो वहिनी. वेट.’

मला वाटलं, ठेवून देतील. दवाखान्यातून आलेली बाई, तिचं स्वतःचं जेवण राहिलेलं. पण फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मी घास पुढे केला. काकूंनी तोंड उघडलं, मिटलं, सावकाश चावलं. पुन्हा घास. मद्रासहून कुणी तरी हलकेच श्वास घेत असल्याचं ऐकू येत होतं, चमचा वाटीला लागल्याचा आवाज तिकडे जात असणार. काकांचा हात अवघडला, त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. कुणी घाई केली नाही. शेवटचा घास उतरला, काकूंनी पाण्याचा घोट घेतला, मी त्यांचं तोंड पुसलं, आणि मग सांगितलं.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘काकू एट.’